मदत हवी आहे: पडक्या चर्चच्या मनोऱ्याचा माथा थ्रीडी मॉडेलमध्ये येत नाही

इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या व्हॅरम पर्सी या ओसाड गावातल्या सेंट मार्टिन चर्चचं फोटोंवरून मॉडेल करतोय. चर्च मध्ययुगीन आहे, छप्पर नाही, १९५९ मध्ये मनोऱ्याचा काही भाग ढासळला.

भिंती छान आल्यात. बाजूची दालनं पाडल्यावर बुजवलेल्या कमानींचा दगडन् दगड दिसतो. इमारतीचा इतिहास खरा तिथेच वाचता येतो, म्हणून मॉडेल अर्धवट सोडायचं नाही. अडलंय मनोऱ्यापाशी. खालून काढलेल्या फोटोंत वरचे दगड फार तिरपे येतात, तिथे भोकं पडतात, कडांना आभाळाचा पांढरा पापुद्रा चिकटतो.

ढगाळ दिवस, शेजारच्या फोटोंत ८० टक्के ओव्हरलॅप (सामाईक भाग), आभाळ मास्क करणं (सॉफ्टवेअरला तो भाग वगळायला सांगणं), सगळं करून झालं. लांबून ७० एमएम लेन्सने काढलेले फोटो २४ एमएमच्या फोटोंशी जुळतच नाहीत. दोन्ही लेन्सचं कॅलिब्रेशन (लेन्सच्या मापांचा आणि वक्रतेचा हिशेब) सॉफ्टवेअरमध्ये वेगळं ठेवलंय.

वास्तू संरक्षित आहे, त्यामुळे ड्रोन, शिडी, दगडावर टार्गेट (खुणेचे कागद) चिकटवणं यातलं काहीच नको. सामान पायवाटेने उचलून न्यावं लागतं, म्हणून कॅमेरा उंच धरायचा खांब फार तर ६ मीटरचा.

मधे ३५ आणि ५० एमएमचे टप्पे घेतले तर दोन्ही संच जुळतील का? की खांबावरूनच काम भागेल, आणि मग कॅमेरा किती अंश वर झुकवू?