पिशवी असताना पोटाचे व्यायाम कुठून सुरू करायचे?

गोदाकाठ: नमस्कार मंडळी. गुदाशयाच्या कॅन्सरसाठी साडेचार महिन्यांपूर्वी ऑपरेशन झालं, डाव्या बाजूला कायमची कोलोस्टोमी आहे, म्हणजे मोठं आतडं पोटावर बाहेर काढून त्यावर शौचाची पिशवी लावलीय, वय ५२. डॉक्टरांनी जड उचलू नका एवढंच सांगितलं, व्यायामाचं बोलणं राहूनच गेलं. आधी रोज सूर्यनमस्कार, कपालभाती करायचे, आता खाली बसून भाजी निवडली तर उठताना कॉटचा पाय धरावा लागतो. परवा भरलेली बादली उचलली आणि पिशवीच्या बाजूला ओढल्यासारखं झालं, तेव्हापासून धसकाच घेतलाय. हर्निया होतो म्हणतात ना? मग काहीच न करता बसू का? बेल्ट लावू का?

तीनवर्षंइलिओ: ताई, बसून राहू नका. मी वर्षभर भीतीने हललो नाही आणि पोट अजून सैल पडलं. आधी ते ओढल्यासारखं झालेलं डॉक्टरांना दाखवून या. उभं राहून आरशात बघा, खोकताना स्टोमाच्या (पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाच्या) कडेला फुगवटा येतोय का तेही सांगा त्यांना. खोकला-शिंक आली की तळहाताने स्टोमा हलका दाबून धरायचा, आणि अंथरुणातून सरळ उठायचं नाही, कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठायचं.

फिजिओ_कोल्हापूर: स्टोमासाठी आतडं पोटाच्या स्नायूतून भोक करून बाहेर काढलेलं असतं, ती जागा कायम नाजूक राहते. श्वास रोखून जोर लावला की पोटातला दाब तिथे जातो, म्हणून सगळा खेळ श्वासाचा आहे. डॉक्टर हो म्हणाले की पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, बोटं कमरेच्या हाडांच्या जरा आतल्या बाजूला ठेवा. श्वास सोडता सोडता बेंबीखालचं पोट अगदी हलकं आत घ्या, घट्ट पँटची चेन लावताना घेतो तेवढंच, ३ ते ५ सेकंद, असं ५ वेळा. बोटांखाली स्नायू ताठ होतो, पण पोट वर फुगलं तर जोर जास्त झाला. हे जमल्यावर गुडघे जोडून थोडे डावी-उजवीकडे न्या, मग कंबर उचलणं, मग खुर्चीतून उठबस. सिट-अप, नौकासन, दोन्ही पाय एकदम उचलणं आणि कपालभाती सध्या नको, प्लँकची घाई तर अजिबात नको. बेल्ट स्टोमा नर्सकडून माप देऊनच घ्या, तो आधार देतो पण स्नायूचं काम करत नाही.
आणि स्टोमा जांभळा-काळा पडला, किंवा पोट खूप दुखून उलट्या होतायत नि पिशवीत काहीच येत नाही, तर थेट कॅज्युअल्टी गाठा, उद्यावर टाकू नका.

नाशिककर_सौ: मिस्टरांना इलिओस्टोमी आहे, म्हणजे लहान आतडं बाहेर काढलंय. व्यायामाआधी पिशवी रिकामी करतो, घामाने चिकटपट्टी सुटते म्हणून कडा तपासतो. इलिओस्टोमीवाल्यांचं पाणी आणि मीठ दोन्ही जातं, नुसतं पाणी ढोसून भागत नाही, आम्ही डॉक्टरांना विचारून ओआरएस ठेवलंय, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात.

गोदाकाठ: सगळ्यांचे खूप आभार. डॉक्टरांकडे जाऊन आले, हर्निया नाही म्हणाले, हळूहळू सुरू करा. आज सकाळी श्वासाचं ५ वेळा केलं. आणि एक कळलं, मी कणीक मळताना सुद्धा श्वास रोखूनच धरते, आज दोनदा स्वतःला पकडलं.