ग्रॅनाइटला मराठीत काय म्हणायचं?

दादरला आईकडचा ओटा बदलायचाय, दुकानात गेलो तर मालक म्हणाला कडप्पा काढा, ब्लॅक गॅलेक्सी टाका, अस्सल ग्रॅनाइट आहे. घरी आईने विचारलं ग्रॅनाइटला आपला शब्द काय रे, मी काळवत्री सांगून मोकळा झालो. बरोबर ना?

गारगोटी: नाही हो. काळवत्री म्हणजे बेसॉल्ट, आपल्या सह्याद्रीचा, अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वर येऊन पटकन थिजला म्हणून पोत बारीक, नुसत्या डोळ्यांना रवे दिसत नाहीत. ग्रॅनाइट जमिनीखाली किलोमीटर किलोमीटर खोल सावकाश थिजतो, मग गारगोटी, फेल्डस्पार, अभ्रक वेगवेगळे ओळखू येतात. शब्दच इटालियन 'ग्रॅनितो'वरून, म्हणजे दाणेदार. मुंबईच्या आसपास तो उघडा पडलेलाच नाही मग इथल्या पाथरवटाच्या तोंडी शब्द येणार कुठून?

ओटेवाली: आणि ब्लॅक गॅलेक्सीपण ग्रॅनाइट नाहीच 😀 आंध्रात ओंगोलजवळ चिमकुर्तीला निघतो, जातीने गॅब्रो, म्हणजे बेसॉल्टचाच खोल थिजलेला भाऊ. त्यात सिलिका (गारगोटी जिची बनते ती) पन्नासेक टक्के, खऱ्या ग्रॅनाइटात साधारण ७० च्या वर. सोनेरी ठिपके ब्राँझाइट या खनिजाचे. बाजारात काय, पॉलिश घेतो आणि लिंबाने डागत नाही तो ग्रॅनाइट. कडप्पा पडला चुनखडी, लिंबाचा थेंब राहिला की पांढुरका डाग ठरलेला.

मूळ प्रश्नकर्ता: बापरे. पण मग खऱ्यात एवढी सिलिका येते कुठून?

गारगोटी: कवचाखालचा थर, म्हणजे प्रावरण, वितळलं की बेसॉल्टच मिळतो, ग्रॅनाइट थेट नाही मिळत. कवचातला खडक परत वितळावा लागतो नाहीतर बेसॉल्टी शिलारसातले जड रवे आधी खाली बसून उरलेला रस सिलिकाने दाट व्हावा लागतो, आणि पाणी असेल तर काम सोपं, खोलवर दाबाखाली ६५०-७०० अंशालाच वितळायला लागतं. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वताखाली समुद्रतळ घुसतो तो हे पाणी घेऊन जातो. हिमालयात दोन खंडच भिडले, गाळाचे खडक वितळले, तिथला ग्रॅनाइट फिका, त्यात तोरमल्ली (टुर्मलिन) हे खनिज. १९७४ मध्ये चॅपेल आणि व्हाइट या भूवैज्ञानिकांनी रसायनावरून ग्रॅनाइटची कुळीच लावली, आय म्हणजे अग्निजन्य खडकातून आलेला, एस म्हणजे गाळातून.

ओटेवाली: पुस्तकात अशा खोल थिजलेल्यांना पातालिक खडक म्हणतात. पण दुकानात मागून बघा 😀

मूळ प्रश्नकर्ता: आईला सगळं वाचून दाखवलं. म्हणाली ग्रॅनाइटच म्हणू मग, आणि तो ग्रॅनाइट नसेल तर जास्तीचे पैसे कशाला, कडप्पाच राहू दे, लिंबू ताटात कापीन.