मदत हवी आहे : एआय वापरून मुलांकडून शुभेच्छापत्रे करून घेताना मुलांचे काम किती आणि यंत्राचे किती?

नमस्कार. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे आणि मुलगा सहा वर्षांचा. या सुट्टीत नातेवाइकांना आणि मित्रमैत्रिणींना प्रत्येकाचे वेगळे शुभेच्छापत्र पाठवायचे, असे दोघांनी ठरवले आहे, आणि त्यासाठी एआयची मदत घ्यायची हा हट्टही त्यांचाच आहे. माझा त्याला विरोध नाही. मात्र आतापर्यंत जे हाती आले आहे ते पाहता, ही पत्रे मुलांची म्हणावीत की यंत्राची, असा प्रश्न पडला आहे.

उदाहरण देते. आजोबांच्या पत्रासाठी मुलीने स्वतःहून एक ओळ सांगितली : "आजोबा, चष्मा तुमच्या कपाळावरच असतो आणि तुम्ही तो घरभर शोधता, तेव्हा मी मुद्दाम लगेच सांगत नाही." ही ओळ देऊन "याचे छान शुभेच्छापत्र करून दे" असे यंत्राला सांगितल्यावर "आपले जीवन आनंद, आरोग्य आणि समृद्धीने उजळून निघो" या थाटाच्या चार ओळी आल्या. व्याकरण निर्दोष होते, चष्मा मात्र गायब! आणि खरी अडचण अशी की मुलीला त्या ओळी मोठ्या माणसांसारख्या वाटल्या, म्हणून स्वतःच्या ओळीपेक्षा अधिक आवडल्या.

मुलाचे दुखणे याच्या नेमके उलट आहे. त्याने काढलेल्या मांजराचा फोटो देऊन "हे रंगवून दे" म्हटले, तर यंत्राने गुळगुळीत, मोठ्या डोळ्यांचे, दुसरेच मांजर काढून दिले, आणि "हे माझे मांजर नाही" असे म्हणून तो रुसून बसला. शिवाय चित्रातच "हार्दिक शुभेच्छा" लिहून मागितले की शिरोरेषा तेवढी सरळ येते आणि तिच्याखाली वाचता न येणारे काहीतरी लोंबकळत असते.

जाणकारांनी कृपया सांगावे की मजकूर आणि चित्र या दोन्हींत यंत्राला नेमके कोणते काम द्यावे. इतक्या लहान मुलांनी ही साधने वापरण्याबाबत काय नियम आहेत आणि छपाईच्या वेळी काय सांभाळावे, हेही समजले तर बरे होईल.

प्रतिसाद : शाईदौत

मजकुरापुरते सांगतो. आपण "शुभेच्छापत्र" हा शब्द वापरलात तिथेच गाडी घसरली. भाषेची ही प्रतिमाने (म्हणजे चॅटजीपीटीसारख्या साधनांमागची यंत्रणा) आधीच्या शब्दांवरून पुढे कोणते शब्द येण्याची शक्यता जास्त आहे याचा अंदाज बांधत लिहितात, आणि त्या एका शब्दानंतर सर्वाधिक संभवणारी वाक्ये म्हणजे छापील पत्रांवरची नेहमीचीच वाक्ये. त्यात "छान" हे विशेषण घातले की उरलेसुरले वेगळेपणही जाते. त्याऐवजी "नऊ वर्षांची नात आजोबांना चार ओळी लिहीत आहे" असे सांगून पाहा. तेवढ्यानेच फरक पडतो.

पण माझा खरा सल्ला असा, की यंत्राकडून लिहून घेऊच नये, प्रश्न विचारून घ्यावेत. मी माझ्या भाचरांसाठी पुढील सूचना वापरतो आणि ती जशीच्या तशी उतरवून घ्यायला हरकत नाही : "तू पत्र लिहायचे नाहीस. मला आजोबांविषयी एका वेळी एकच छोटा प्रश्न विचार. उत्तर आले की त्याच गोष्टीविषयी आणखी बारकाईने विचार. असे पाच प्रश्न झाले की थांब." पहिले उत्तर बहुधा "ते खूप चांगले आहेत" असेच येते, मग "चांगले म्हणजे काय करतात?" असे यंत्र विचारते, आणि तिसऱ्या-चौथ्या प्रश्नापर्यंत कपाळावरच्या चष्म्यासारखे काहीतरी बाहेर पडते. ती उत्तरे मुलीच्या शब्दांत आपण टंकावीत आणि तिलाच त्यांतून ओळी निवडू द्याव्यात. शेवटी यंत्राला एवढेच सांगावे : "फक्त शुद्धलेखन तपास. शब्द बदलू नकोस, वाक्य वाढवू नकोस." तरीही ते कधीकधी ढवळाढवळ करतेच, म्हणून मूळ मजकूर शेजारी ठेवून ताडून पाहणे आवश्यक आहे.

मुलीला यंत्राच्या ओळी अधिक आवडल्या, त्यावर उपदेश करू नये. दोन्ही मजकूर तिला मोठ्याने वाचायला सांगावेत आणि "यातले कोणते पत्र मैत्रिणीच्या आजोबांनाही पाठवता येईल?" एवढेच विचारावे. बहुतेक मुलांना उत्तर लगेच कळते.

प्रतिसाद : कोरा कागद

एवढा खटाटोप कशासाठी? मुलांना कागद आणि खडू द्यावेत, संध्याकाळपर्यंत पत्रे तयार होतील.

धागाकर्ती

आपले म्हणणे मला पटते, आणि काही पत्रे तशीच होणार आहेत. मात्र मुलीला हाताने लिहायचा कंटाळा आहे आणि बोलून सांगायला ती केव्हाही तयार असते, त्यामुळे प्रश्नोत्तरांची कल्पना तिच्यासाठी अगदी योग्य वाटते. शाईदौत, मनःपूर्वक आभार.

प्रतिसाद : रंगपेटी

चित्राविषयी. देवनागरी बिघडते याचे कारण असे, की यांतली बरीचशी साधने विस्कळीत ठिपक्यांपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने चित्र घडवतात आणि त्यांच्या दृष्टीने अक्षर हाही एक आकारच असतो. काना, वेलांटी, जोडाक्षर यांचे नियम पाळून अक्षरे जुळवणारी यंत्रणा तिथे नसते. रोमन लिपीत अलीकडे पुष्कळ सुधारणा झाली आहे, पण "च्छ" किंवा "र्दि" आले की देवनागरीचा भरवसा धरू नये. म्हणून चित्रात अक्षरे मागूच नयेत. "वरचा एक तृतीयांश भाग फिकट आणि मोकळा ठेव" असे सांगावे आणि त्या जागी मुलांनी हाताने लिहावे. टंकलेलेच हवे असेल तर वर्डसारख्या साध्या लेखन-प्रणालीत चित्र घेऊन त्यावर युनिकोड मजकूर ठेवावा. मुक्त, बालू आणि तिरो देवनागरी मराठी हे फॉन्ट विनामूल्य मिळतात आणि जोडाक्षरे नीट दाखवतात.

आणखी एक गोष्ट मुलांना सांगून ठेवावी. चित्रे काढणाऱ्या यंत्रांना नकार नीट उमगत नाही. "फुगे नकोत" असे लिहिले की पुष्कळदा फुगेच येतात, कारण सूचनेतला ठळक शब्द तोच असतो. काय नको याऐवजी काय हवे ते सांगायचे : "मोकळे आकाश, त्यात फक्त एक पतंग". मुलांना हा खेळच वाटतो आणि वर्णन नेमके करण्याची सवय आपोआप लागते. एखाद्या प्रसिद्ध कार्टूनमधले पात्र मागितल्यास यंत्र नकार देण्याची शक्यता असते, कारण अशा पात्रांवर कोणाचा तरी स्वामित्वहक्क असतो; रुसवे टाळण्यासाठी हेही आधीच सांगितलेले बरे.

मांजराच्या बाबतीत मी चिरंजीवांच्या बाजूने आहे. फोटो देऊन "रंगवून दे" म्हटले की यंत्र मूळ रेषा राखून रंग भरत नाही, ते सगळे चित्र नव्याने रचते. डोळे मोठे होणे, वाकडी शेपूट सरळ होणे हे त्यातूनच येते. त्याचे चित्र आहे तसे स्कॅन करून मुखपृष्ठावर ठेवावे आणि यंत्राकडून फक्त भोवतीची नक्षीदार चौकट करून घ्यावी. किंवा उलट वाटणी करावी : यंत्राकडून "रंगवहीतल्यासारखे, फक्त जाड काळ्या रेषांचे, आत रंग नसलेले" चित्र मागावे, ते छापावे आणि त्याने खडूंनी रंगवावे. सहा वर्षांच्या मुलाला हा दुसरा मार्ग अधिक मानवतो, असा माझा अनुभव आहे.

प्रतिसाद : रात्रपाळी

वयाचा मुद्दा कोणी घेतला नाही म्हणून लिहीत आहे. चॅटजीपीटीच्या वापराच्या अटींनुसार किमान वय १३ वर्षे आहे आणि १८ वर्षांखालील व्यक्तीला पालकांची परवानगी लागते. क्लॉड या तशाच दुसऱ्या साधनासाठी तर वय १८ पूर्ण असावे लागते. १३ हा आकडा अनेक संकेतस्थळांवर दिसतो, कारण अमेरिकेने १९९८ मध्ये केलेल्या कायद्यानुसार १३ वर्षांखालील मुलांची माहिती गोळा करण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी लागते. तेव्हा आपल्या मुलांनी स्वतंत्र खाते उघडण्याचा प्रश्नच येत नाही. खाते आपले, कळफलक आपल्या हाती, मुलांनी शेजारी बसून सांगायचे, हीच पद्धत ठेवावी.

मुलांचे किंवा नातेवाइकांचे चेहरे असलेले फोटो देऊ नयेत. आजोबा हवे असतील तर "पांढऱ्या मिशा, कपाळावर चष्मा, हातात वर्तमानपत्र" असे वर्णन पुरेसे होते, आणि गंमत म्हणजे मुलांना त्यात ओळख अधिक पटते. आडनाव, शाळा, पत्ता यांची यंत्राला गरज नाही. नाव पत्रावर हातानेच घालावे. मुलाच्या चित्राचा मोबाइलवर फोटो काढताना मागे टेबलावरचे ओळखपत्र किंवा वहीवरचे नाव येत नाही ना, हे पाहून कडा कापाव्यात. फोटोच्या फाइलमध्ये तो कुठे काढला त्या ठिकाणाची नोंदही असू शकते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ती बंद करता येते. तसेच आपले संभाषण प्रतिमानाच्या प्रशिक्षणासाठी वापरू देण्याचा पर्याय चॅटजीपीटीच्या सेटिंगमध्ये आहे, तो आधी शोधून बंद करावा.

धागाकर्ती

उत्तरे अपेक्षेपेक्षा अधिक उपयोगी आहेत. चेहऱ्याऐवजी वर्णन देण्याचा प्रयोग आजच केला. मुलीने आत्याचे वर्णन "बोलताना हातातला चमचा हलवणारी" असे केले आणि चित्र पाहून दोघेही पोट धरून हसत होते. आता फक्त छपाईचे कोणी सांगावे. चित्रे पडद्यावर उत्तम दिसतात, कागदावर मात्र किंचित धूसर येतात.

प्रतिसाद : कागदकाम

यंत्राने दिलेले चित्र १०२४ बाय १०२४ पिक्सेलचे असेल, तर चांगल्या छपाईसाठी मानल्या जाणाऱ्या इंचाला ३०० ठिपक्यांच्या हिशेबाने ते जेमतेम ८.७ सेंटीमीटर रुंद छापता येते. ए-४ कागद मधोमध दुमडला की मुखपृष्ठ १४.८ सेंटीमीटर रुंदीचे होते. तेवढे चित्र ताणले की इंचाला १७५ च्या आसपास ठिपके उरतात आणि आपण म्हणता तशी धूसरता येते. ए-५ कागद दुमडून १०.५ सेंटीमीटर रुंदीचे छोटे पत्र केल्यास हाच आकडा २५० च्या जवळ जातो आणि चित्र पुरेसे रेखीव दिसते. मोठेच पत्र हवे असेल तर चित्र लहान ठेवून भोवती पांढरी जागा सोडावी, ती मुलांना लिहायला उपयोगी पडते. पडद्यावरचे झगझगीत निळे आणि हिरवे रंग शाईत मंद उतरतात, ही मात्र शाईची मर्यादा आहे.

१८४३ मध्ये लंडनमध्ये हेन्री कोल यांनी छापून घेतलेले पत्र हे नाताळचे पहिले व्यापारी शुभेच्छापत्र मानले जाते. त्यावरही कोणाला पाठवायचे ते नाव लिहिण्यासाठी कोरी जागा सोडलेली होती. आपणही चित्र आणि चौकट छापावी, नाव आणि ती चष्म्याची ओळ मुलीच्या हस्ताक्षरात येऊ द्यावी. एवढे लिहिण्याचा कंटाळा ती नक्कीच करणार नाही.

कागद २०० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) आसपासचा घ्यावा, पण आपला प्रिंटर किती जाड कागद ओढतो हे त्याच्या माहितीपत्रकात आधी पाहावे. दुमडण्यापूर्वी पट्टी ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनने घडीच्या रेषेवर एक खोल ओरखडा काढावा, नाहीतर जाड कागद घडीवर फाटल्यासारखा दिसतो. हे काम सहा वर्षांचा मुलगाही करू शकतो, फक्त पट्टी आपण धरावी.