लाइमचा उपचार झाला, तरी थकवा जात नाही. कोणाला दाखवावं? (न्यू जर्सी)

मृण्मयी_जर्सी
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. जरा सविस्तर लिहिते.

आमचं परसदार रानाला लागून आहे, हरणं रोज येतात. गेल्या जूनमध्ये नवऱ्याच्या गुडघ्यामागे लाल चट्टा उठला. गोचीड काही दिसली नव्हती, पण चट्टा पसरत पसरत तळहाताएवढा झाला. फॅमिली डॉक्टरांनी बघताक्षणी लाइम (गोचिडीच्या चाव्यातून होणारा जंतुसंसर्ग) सांगितलं आणि १४ दिवस डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं. चट्टा गेला. आता फेब्रुवारी संपत आला, तरी माणूस पहिल्यासारखा नाही. ऑफिसातून आला की कोचावर आडवा. आज गुडघा दुखतो, उद्या मनगट. बोलता बोलता साधे शब्द आठवत नाहीत, झोपून उठला तरी ताजंतवानं वाटत नाही.

फॅमिली डॉक्टर म्हणतात, टेन्शन आहे. एका खाजगी क्लिनिकने रक्त तपासून 'क्रॉनिक लाइम' सांगितलं आणि दंडात लाइन (बारीक नळी) घालून काही महिने शिरेतून अँटिबायोटिक सुचवलं. हे इन्शुरन्समध्ये बसत नाही. त्यांचा अँटिबॉडी तपासणीचा रिपोर्ट असा: एलायझा (पहिली चाचणी) पॉझिटिव्ह, वेस्टर्न ब्लॉटमध्ये (खात्रीची दुसरी चाचणी) आयजीएम पॉझिटिव्ह (२३ आणि ४१ हे पट्टे), आयजीजी निगेटिव्ह.

शिवाय जानेवारीत आम्ही दोडामार्गला सासरी जाऊन आलो, त्यामुळे सासूबाईंना माकडतापाची (तिकडच्या रानात गोचिडीमुळे येणारा ताप) धास्ती वाटते. कोणत्या डॉक्टरकडे जावं? शिरेतल्या औषधाचा कोणाला अनुभव आहे का?

चार्ल्स_नदीकाठी
मृण्मयी, मी बॉस्टनला संसर्गजन्य रोगांचा डॉक्टर आहे. रुग्णाला न तपासता निदान करणार नाही, पण तो रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगतो, कारण गोंधळ तिथेच झालाय.

आयजीएम ही सुरुवातीला तयार होणारी अँटिबॉडी, आयजीजी नंतरची. आयजीएमला अर्थ असतो तो आजार सुरू झाल्यापासून पहिल्या महिन्याभरात. तीनपैकी दोन पट्टे आले की पॉझिटिव्ह धरतात, आणि त्यातला ४१ चा पट्टा लाइम कधीच न झालेल्या माणसांतही सर्रास दिसतो. आठ महिन्यांनंतर बघायचं ते आयजीजी. त्यात दहापैकी पाच पट्टे लागतात. लवकर उपचार झाले तर आयजीजी बऱ्याचदा पुरतं वर येतच नाही, आणि एकदा आलं तर पूर्ण बरं झाल्यावरही वर्षानुवर्षं राहतं. म्हणजे या तपासणीवरून 'जंतू अजून अंगात आहे' असंही म्हणता येत नाही आणि 'गेला' असंही नाही. तुमच्या नवऱ्याचं निदान जूनमधल्या चट्ट्यावरच पक्कं झालं होतं. तसा चट्टा असेल तर रक्ततपासणीची गरजच नसते. उलट त्या दिवसांत ती बऱ्याचदा निगेटिव्ह येते, कारण अँटिबॉडी तयार व्हायला काही आठवडे जातात.

राहिलेला त्रास खरा आहे. योग्य उपचारांनंतरही काही रुग्णांना सहा महिन्यांहून जास्त काळ थकवा, अंगदुखी, विसराळूपणा राहतो. याला उपचारोत्तर लाइम सिंड्रोम म्हणतात. 'टेन्शन आहे' म्हणून वाटेला लावणं मला अजिबात पटत नाही. पण लांबलचक अँटिबायोटिकही पटत नाही, आणि त्याला ठोस कारण आहे. २००१ साली अमेरिकेत चाचणी झाली: महिनाभर शिरेतून आणि पुढे दोन महिने गोळ्या, विरुद्ध नुसतं खोटं औषध. फरक पडला नाही. २०१६ साली नेदरलँड्समध्ये २८० रुग्णांवर अशीच मोठी चाचणी झाली, तिथेही जादा १२ आठवड्यांच्या औषधाने काही साधलं नाही. आणि ती दंडातली लाइन निरुपद्रवी नसते. तिच्यातून रक्तात जंतुसंसर्ग होतो, गुठळ्या होतात, त्यापायी माणसं दगावलेली आहेत. त्या क्लिनिकला कृपया नाही म्हणा.

आता मला दोन गोष्टी सांगा. गुडघा नुसता दुखतो की सुजतो? आणि उन्हाळ्यात ताप, रात्री घामाने कपडे भिजणं असं काही होतं का?

मृण्मयी_जर्सी
किती स्पष्ट सांगितलंत, मनापासून आभार! सूज नाही, नुसतं दुखणं. घाम मात्र जुलैमध्ये बराच यायचा, बनियन बदलावं लागायचं. तेव्हा उकाड्यावर ढकललं होतं.

चार्ल्स_नदीकाठी
सूज असती, सांध्यात पाणी असतं, तर मार्ग वेगळा होता. लाइमच्या संधिवातात आयजीजी ठळक पॉझिटिव्ह असतं आणि २८ दिवसांचा कोर्स द्यावा लागतो. तसं दिसत नाही.

घामाचं डॉक्टरांना नक्की सांगा. जी गोचीड लाइम देते तीच बॅबेसियाही देऊ शकते. तो मलेरियासारखा तांबड्या पेशींत वाढणारा परजीवी आहे आणि डॉक्सिसायक्लिन त्याच्यावर चालत नाही. त्याची औषधं वेगळी, ॲटोव्हाक्वोन आणि ॲझिथ्रोमायसिन. रक्ताचा स्मिअर (काचेवर थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), पीसीआर आणि साधं सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून घ्या. गोचिडीतून येणारा दुसरा जंतू, ॲनाप्लाझ्मा, असता तर तो डॉक्सीनेच (डॉक्सिसायक्लिनने) आवरला असता. संसर्गजन्य रोगांच्या तज्ज्ञाकडे रेफरल मागा, शक्यतो एखाद्या विद्यापीठाच्या हॉस्पिटलात.

अनुजा_कनेटिकट
मृण्मयी, मी यातून गेले आहे. ज्या ओल्ड लाइम गावावरून या आजाराचं नाव पडलं, ते आमच्याच राज्यातलं. माझी सुधारणा फार हळू झाली, पण झाली.

आमच्याकडे सगळ्यांत उपयोगी पडला तो एक कागद. कोणत्या महिन्यात काय झालं, कोणतं औषध किती दिवस, आता कोणती कामं जमत नाहीत, हे तारीखवार एका पानावर. 'थकवा येतो' म्हटलं की डॉक्टर मान डोलावतात. 'कपड्यांची बास्केट तळघरातून वर आणली की अर्धा तास बसावं लागतं' म्हटलं की लिहून घेतात.

दुसरं, तुम्ही शाकाहारी आहात का? माझं बी१२ तळाला गेलं होतं. थकवा, मुंग्या, विसरणं, सगळं त्यातूनही होतं, आणि मी सगळं लाइमच्या खात्यात टाकत होते. थायरॉइड, ड जीवनसत्त्व, फेरिटिन (लोहाचा साठा) बघा. नवरा घोरत असेल तर झोपेची तपासणीही करून घ्या. आणि बरं वाटलेल्या दिवशी आठवड्याची कामं उरकू देऊ नका, पुढचे दोन दिवस वाया जातात.

सावंतवाडीकर
वहिनी, सासूबाईंना सांगा, हा माकडताप नव्हे. मी आरोग्य खात्यात होतो. आमच्या बांदा-दोडामार्ग पट्ट्यात २०१६ साली साथ आली तेव्हा काजूच्या बागांत जाणारी माणसं बघितली आहेत. एकाएकी कडक ताप, डोकं फुटेल असं दुखणं, डोळे लाल, कंबर धरलेली, काहींना रक्तस्राव. महिनोन् महिने कुरकुरणारं ते दुखणं नव्हे, आणि तुमच्याकडचा त्रास तर गावी येण्याआधीचा. तो विषाणू आहे, १९५७ साली शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात सापडला, त्याच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. मात्र जानेवारी ते मे गावी येऊन रानात गेलात आणि ताप आला, तर अंगावर काढू नका, सरकारी दवाखान्यात जा. नमुने पुण्याच्या एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणू संस्थेत) तपासतात.

आणि गोचीड चिकटलीच तर रॉकेल, तेल, काडीचा चटका यातलं काही करायचं नाही. बारीक चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढायची.

अनुजा_कनेटिकट
+१. इथल्या गोचिडीची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात, तीच जास्त चावतात. बागेतून आल्यावर कपडे धुवायच्या आधी १० मिनिटं कडक तापवलेल्या ड्रायरमध्ये टाका. गार किंवा कोमट पाण्यात नुसतं धुऊन मरत नाहीत.

रिचमंडचा_पाहुणा
थोडं अवांतर. रविवारी दुपारी मटण खाल्लं की संध्याकाळी अंगावर पित्त उठतं. गेल्या उन्हाळ्यात गोचीड चावली होती. संबंध असेल?

चार्ल्स_नदीकाठी
असू शकतो. ही लोन स्टार नावाच्या इथल्या गोचिडीची देणगी, अल्फा-गॅल (मांसातली एक साखर) ॲलर्जी. मटण, बीफ, पोर्क खाल्ल्यावर दोन ते सहा तासांनी त्रास होतो, म्हणून पटकन लक्षात येत नाही. तिचा छडाही तुमच्याच व्हर्जिनियातल्या विद्यापीठात लागला. ॲलर्जीच्या डॉक्टरांकडून अल्फा-गॅल आयजीई ही रक्ततपासणी करून घ्या आणि तोवर मटण बंद. कोंबडी, मासे चालतील. श्वास लागला किंवा चक्कर आली तर थेट ९११.

मृण्मयी_जर्सी
सगळ्यांचे आभार. क्लिनिकला नाही कळवलं. तज्ज्ञांची मार्चमधली वेळ मिळाली आहे, आणि तारखांचा कागद आज रात्री दोघं बसून लिहितोय. आम्ही शाकाहारीच आहोत. बी१२ च्या गोळ्या घरात आहेत, तोवर सुरू करू का?

चार्ल्स_नदीकाठी
आधी रक्त द्या. गोळ्या सुरू केल्या की पातळी वर येते आणि मूळ कमतरता होती की नाही ते कळत नाही. फॅमिली डॉक्टर याच आठवड्यात बी१२ आणि मिथाइलमॅलॉनिक ॲसिड (बी१२ ची कमतरता ओळखायची तपासणी) लिहून देतील. नमुना दिला की त्याच दिवशी गोळी घ्यायला हरकत नाही.