मदत हवी आहे: इंजिन ऑइल घरी बदलावं की गॅरेजलाच द्यावं?

नमस्कार. गाडी २०१२ची पेट्रोल स्विफ्ट, ९१ हजार किलोमीटर झालेली. राहायला पुण्यात, पार्किंग सोसायटीच्या इमारतीखाली.

गेल्या आठवड्यात सर्व्हिसिंग करून आणली. बिलात इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर धरून २,८०० लावलेत. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी सवयीने बॉनेट उघडलं, डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) पुसली, परत घालून काढली. ऑइल काळंकुट्ट, आणि वरच्या खुणेच्याही बोटभर वर. मी परत गॅरेजला गेले तर ते म्हणाले, "मॅडम, ऑइल लगेच काळं होतं." मला पुढे बोलता आलं नाही, कारण खरं काय ते मलाच माहीत नव्हतं. पैशांपेक्षा ते जास्त लागलं.

आता वाटतंय, हे काम शिकून घ्यावं. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० ग्रेडचं ऑइल लिहिलंय, फिल्टरसकट साधारण तीन लिटर लागतं. पाने घरात आहेत, बाबांना स्कूटरचं काम येतं. पण गाडीखाली मी कधी गेलेले नाही. जमेल का? पैसे खरंच वाचतात का? आणि निघालेलं ऑइल टाकायचं कुठे?

प्रतिसाद १

ताई, आधी ते "लगेच काळं होतं" बघू. डिझेल गाडीत काजळीमुळे ऑइल एका दिवसात काळं पडतं, ते खरं. पेट्रोलमध्ये तसं होत नाही. जुनं थोडं आत राहतं म्हणून रंग जरा गडद येईल, पण पहिल्या दिवशी ते मधासारखंच दिसायला हवं. काळं आणि वर जास्त, याचा माझ्या मते एकच अर्थ: जुनं काढलंच नाही, वरून ओतलं.

गाडी सपाट जागी लावून, बंद केल्यावर दहा मिनिटं थांबून पुन्हा मोजा. तरीही इतकं वर असेल तर लांबच्या प्रवासाला नेऊ नका. जास्तीचं ऑइल क्रँकशाफ्ट (इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा) घुसळतो, फेस होतो, आणि फेसाळलेलं ऑइल बेअरिंगला नीट पोचत नाही.

प्रतिसाद २

मी सहा वर्षं स्वतः बदलतोय, त्यामुळे चुका सांगू शकतो.

जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. घोडे (गाडी पेलून धरणारे लोखंडी स्टँड) लावा, मागच्या चाकांना दगड लावा, मगच आत जा. यात तडजोड नको. इंजिन तीन-चार मिनिटं चालवून कोमट करा. चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा) नट सोडताना शेवटचे आटे हाताने फिरवा, आणि धार आधी पुढे उडते हे लक्षात ठेवून ट्रे ठेवा. नटाचा वॉशर दरवेळी नवा. आवळताना जोर लावला की चेंबरचे आटे जातात, आणि मग वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च बसतो.

फिल्टरचं एक विसरू नका. जुना फिल्टर काढल्यावर त्याची रबर रिंग कधी कधी इंजिनलाच चिकटून राहते. काळ्या ऑइलात दिसत नाही. त्यावर नवा फिल्टर चढवला की दोन रिंगा होतात, आणि गाडी चालू केली की ऑइल पिचकारीसारखं बाहेर येतं. माझं एकदा असंच झालं, अख्खं पार्किंग माखलं. तेव्हापासून बोट फिरवून खात्री करतो. नव्या रिंगेला ऑइल चोळायचं, रिंग टेकली की हाताने पाऊण फेरा, बस. पट्टा पाना (फिल्टरला पट्टा गुंडाळून फिरवायचा पाना) फक्त सोडायला.

प्रतिसाद ३

पैशांचं सरळ सांगते. वाचते ती मजुरी. घोडे, ट्रे, पट्टा पाना विकत घेतलात तर पहिल्या एक-दोन वर्षांत काहीच वाचत नाही, कारण दहा हजार किलोमीटर किंवा वर्षातून एकदाच हे काम निघतं. मधला मार्ग बघा: ऑइल, फिल्टर, वॉशर स्वतः आणा आणि गाडीखाली उतरायला खड्डा असलेल्या ओळखीच्या गॅरेजात समोर उभं राहून बदलून घ्या. रिकाम्या कॅनला भोक पाडूनच टाका. चांगल्या स्थितीतले कॅन नकली ऑइल भरायला वापरले जातात.

प्रतिसाद ४

जुनं ऑइल कोणीही घेईल. आमच्याकडे सेंटरिंगवाले स्लॅबच्या साच्याच्या प्लेटांना लावायला नेतात.

प्रतिसाद २

नेतात, माहीत आहे, पण देऊ नका. पाऊस आला की ते मातीत, नाल्यात जातं. २०१६च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल हा घातक कचरा आहे, ते नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवं. मी कॅनमध्ये भरून ठेवतो आणि ज्या गॅरेजमधला जुन्या ऑइलचा पिंप असा नोंदणीकृत माणूस उचलतो तिथे नेऊन देतो. आधी विचारून घ्या, बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नाहीत.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. मधला मार्ग निवडला. नाना पेठेतून साडेतीन लिटरचा कॅन, फिल्टर आणि वॉशर आणला, १,९५० झाले. घराजवळच्या गॅरेजवाल्या काकांना म्हटलं, एकदा मला समोर करून दाखवा. त्यांनी खड्ड्यात उतरवूनच घेतलं.

निघालेलं ऑइल मापाच्या बादलीत धरलं. पावणेचार लिटर भरलं! फिल्टरवर धूळ आणि ऑइलचा जाड थर, काका म्हणाले हा वर्षभर तरी हललेला नाही. दोन रिंगांचं मी विचारलं तर त्यांनी माझंच बोट धरून तिथे फिरवलं. नवा फिल्टर मी आवळला. मजुरी ३५०, जुनं ऑइल त्यांच्या पिंपात.

जुन्या फिल्टरचा आणि बादलीचा फोटो काढलाय, बिलासोबत लेखी तक्रार देणार आहे. एकच शंका उरलीय: घरी आल्यावर नटाला एक थेंब लोंबताना दिसला. काळजी करू का?

प्रतिसाद २

बहुतेक सांडलेलं असेल. पुसून घ्या आणि रात्री खाली पांढरा पुठ्ठा ठेवा.

धागाकर्ती

ठेवला होता. सकाळी बाबा आणि मी दोघांनी वाकून पाहिलं, पुठ्ठा कोरडा. डिपस्टिकवर ऑइल दोन खुणांच्या मध्ये, मधासारखं.