इंगलशमचं रिकामं चर्च: जसंच्या तसं ठेवायचं की वापरायचं?

नदीकाठचा
इंग्लंडमध्ये स्विंडनच्या उत्तरेला, लेचलेडजवळ थेम्सच्या काठी इंगलशम गावचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट हे चर्च आहे. एवढंसं, बरंचसं तेराव्या शतकातलं. आत १७व्या-१८व्या शतकातले दारं असलेले लाकडी बाकांचे कप्पे आणि भिंतींवर एकावर एक चढलेली रंगकामं, मध्ययुगीन नक्षीवर रिफॉर्मेशननंतरची (सोळाव्या शतकात इंग्लंडचं चर्च रोमपासून वेगळं झालं त्यानंतरची) बायबलची वचनं वगैरे. व्हिक्टोरियन काळात जुनी चर्चेस "सुधारायचं" फॅड होतं, म्हणजे प्लास्टर खरवडा, बाक फेकून द्या. कवी आणि डिझायनर विल्यम मॉरिस जवळच केल्म्सकॉटला असायचा, १८७७ मध्ये त्याने या प्रकाराविरुद्ध संस्थाच काढलेली, आणि त्याच्या खटपटीमुळे १८८८-८९ मध्ये इथे फक्त डागडुजी झाली. माझ्या मते हेच धोरण आजही बरोबर आहे, हात लावू नका.

रोखठोक
नियमित प्रार्थना बंद, सांभाळणार चर्चेस कॉन्झर्वेशन ट्रस्ट (वापरात नसलेली चर्चेस जपणारी संस्था), म्हणजे त्यात सरकारी पैसाही आला. अशी साडेतीनशेच्या वर चर्चेस आहेत त्यांच्याकडे! ब्रिस्टलला सेंट वर्बर्गमध्ये क्लाइंबिंग सेंटर काढलं, छत टिकलं, पोरं येतात. इथे काय, कुलूप उघडा, बघा, निघा?

नदीकाठचा
अहो, सेंट वर्बर्ग १८७९ मध्ये मूळ जागेवरून उचलून दुसरीकडे उभारलेलं, त्याची उंचीही भरपूर. इंगलशममध्ये दोर कुठे बांधणार, रंगवलेल्या भिंतीला?

कोपऱ्यातली_मी
मला दोघांचंही पटत नाही. इंगलशमला मेरी आणि बाळ येशूचं, माय-लेकराचं सॅक्सन (हजारएक वर्षांपूर्वीचं) शिल्प आहे, वर देवाचा हात. ते एकेकाळी बाहेरच्या भिंतीत होतं आणि कुणीतरी त्यावर चक्क सूर्यघड्याळ कोरलंय. म्हणजे तेव्हाच्या लोकांनी जुनी वस्तू सरळ वापरली, सोवळ्यात नाही ठेवली. मग आपणच का एवढं जपून वागायचं? छोट्या मैफली करा, पाहुण्यांना रात्री मुक्काम करू द्या, ट्रस्ट काही चर्चमध्ये हे करतोच.

रोखठोक
हेच म्हणतोय मी! फक्त हिटिंग लावा आधी.

नदीकाठचा
तिथेच तर गोची आहे ना, दमट भिंत पटकन तापवली की क्षार वर येतात आणि रंगाचे पोपडे सुटतात, मग मैफल ऐकायला आलेल्यांना बघायला राहणार काय. बिनहिटिंगची, उन्हाळ्यातली मैफल असेल तर माझी ना नाही. मुक्कामाला मात्र ठाम विरोध, त्या कप्प्यांत कुणी स्लीपिंग बॅग पसरलेली मला नाही बघवणार.

कोपऱ्यातली_मी
कप्पे माणसं बसायलाच केले होते हो.