नामिबिया: डेडव्लेई पहाटेच गाठा

तुमचा नामिबियाचा बेत छानच, पण नामिब वाळवंटातलं सोसुसव्लेई दुपारी ठेवलंय तेवढं बदला. पहाटे उद्यानाचं फाटक उघडताच निघा. तिथल्याच डेडव्लेई या कोरड्या तळ्यातली काळीठिक्कर झाडं मरून 600 वर्षं तरी झाली, पण हवा इतकी कोरडी की कुजलीच नाहीत. भेगाळलेल्या पांढऱ्या मातीवर त्यांच्या लांब सावल्या सकाळीच दिसतात, नंतर नुसते पाय भाजतात. किनाऱ्यावरच्या स्वाकोपमुंड शहरात स्वेटर हवाच; समुद्रातल्या थंड बेंग्वेला प्रवाहामुळे धुकं असतं. तिथल्या जर्मन धाटणीच्या इमारती अर्ध्या दिवसात बघून होतात.

उरलेला वेळ इटोशा राष्ट्रीय उद्यानाला द्या. तिथल्या ओकाउकुएयो कॅम्पच्या पाणवठ्यावर रात्री दिवे लावलेले असतात. आम्ही दीड तास गप्प बसलो, तेव्हा काळ्या गेंड्याची मादी पिल्लाला घेऊन आली. पाणी ओढल्याचा आवाज बाकावर ऐकू येत होता!